अक्कांच्या गोष्टींत आंधळं कुणीच नाही

अक्का, तुमच्या फोटोला मी डोळे लावून आणले.

लावले फोटोवाल्याने, पण चूक माझीच. तुमचा मोठा फोटो घरात एकही निघाला नाही. कारखान्याच्या पासवरचा तेवढा एक होता, नखाएवढा. तो घेऊन मी कॅम्प तीनमधल्या स्टुडिओत गेलो आणि 'मोठा करा, आणि जरा चांगला करून द्या' असं म्हणालो. गेलेल्या माणसाच्या फोटोबद्दल सगळेच असं म्हणतात, म्हणून मीही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याने फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिली आणि वर कौतुकाने सांगितलं, "साहब, बहनजी की आँखें ठीक नहीं आयी थी, मैंने ब्रश से बना दी." मला वाटलं, छपाईत डाग पडला असेल, तो काढला. मी त्याचे आभार मानले. विहारात येऊन फ्रेम घाईघाईत खिळ्याला अडकवली, हार घातला आणि पाहुण्यांना चहा मिळाला की नाही ते बघायला निघून गेलो.

परत आलो तर बायका फोटोसमोर उभ्या राहून म्हणत होत्या, काय पाणीदार डोळे होते बाईचे. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. दोन मोठे काळेभोर डोळे, प्रत्येकात उजेडाचा एकेक ठिपका, आणि ते थेट माझ्याकडे रोखलेले. लहानपणी देवी आल्या त्यात तुमचे डोळे गेले ते गेले; तुम्ही माझ्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं, आणि बघितलं असतं तर तुमच्या धाकट्या बहिणीशी, शालनशी, माझं लग्न होऊ दिलं नसतं असा माझा अंदाज आहे. शालन आली, तिने फ्रेमकडे बघितलं आणि मला विचारलं, "ही कोण?" मग बहिणीने बहिणीचा फोटो उतरवला, भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि पासवरचाच छोटा फोटो मेणबत्तीजवळ उभा केला. तो इतका लहान की फूल वाहायला आलेल्या प्रत्येकाला वाकून, डोळे बारीक करून बघावं लागत होतं. वंदना चालू असताना मला एकदा हसू आलं. तुम्हाला ते ऐकू गेलं असतं.

त्या दिवशी आपले प्रकाशकही आले होते. आपले म्हणजे ठाण्याचे, ज्यांच्याशी तुमचं जमलं नाही ते. भला माणूस, कार्यक्रम संपेपर्यंत मागे बसून राहिला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले की आता अक्कांचं पुस्तक काढायचंच. कथांना हात लावायचा नाही. फक्त सुरुवातीला मी एक स्मृतिलेख लिहून द्यायचा, अंधत्वावर मात करून एक बाई कशी लेखिका झाली, असा. मुखपृष्ठ ते जुनंच, त्यांनी जपून ठेवलेलं.

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मी थकलोय, अक्का. तुमच्या कथांचं बाड घेऊन इतकी वर्षं इतके जिने चढलोय की आता कुणी दार उघडून 'या' म्हटलं तरी आधी बसायला जागा कुठे आहे ते बघतो. म्हणून हे लिहायला घेतलंय. मात केल्याबद्दल काय लिहू ते मात्र सुचत नाही. तुम्ही माझ्यावर पुष्कळदा मात केलीत, ती सांगता येईल.

पहिली मात टेलिफोनच्या बोर्डावरून. मोरिवलीच्या आपल्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात होतो आणि तुम्ही ऑपरेटर. सगळा कारखाना तुमचा आवाज ओळखायचा आणि तुम्ही सगळ्या कारखान्याचा श्वास ओळखायचात. शालनसाठी माझं नाव कुणीतरी सुचवलं, तेव्हा इतर लोक करतात तशी चौकशी तुम्ही केली नाहीत. गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. महिनाभर माझे फोन ऐकलेत. मग बघण्याच्या कार्यक्रमात, मी तुमच्या खोलीत पोह्यांची बशी मांडीवर धरून बसलेलो असताना, सगळ्यांसमोर निकाल दिलात. "मुलगा आईशी नीट बोलतो. साहेबाशी खोटं बोलतो, पण ते त्याला जमत नाही. चालेल." माझ्या आईला यात स्तुती कुठली आणि निंदा कुठली ते पुढे बरेच दिवस कळलं नाही. मला अजून कळलेलं नाही.

लग्नानंतर मला कळलं की तुम्ही लिहिता. मीही लिहीत होतो, घरातल्या गमती, दिवाळी अंकात मागच्या पानांवर, जाहिरातींच्या शेजारी. त्यामुळे मी मोठ्या मनाने म्हणालो, दाखवा बघू. तुम्ही कॅलेंडरांचा एक गठ्ठा पुढे केलात. शेजारच्या सिंधी देवीकाकी कपडेवाल्यांची कॅलेंडरं जुनी झाली की तुमच्यासाठी जमवायच्या. कागद जाड, चकचकीत, ब्रेलच्या टोचणीला चांगला. फक्त वरचं देवाचं चित्र त्या आधी फाडून घ्यायच्या. "अदी," त्या म्हणायच्या, म्हणजे ताई, "तारीख में जितना छेद करना है कर, भगवान को मत टोच." त्यामुळे तुमच्या सगळ्या गोष्टी तारखांवर टोचलेल्या आहेत. नळावरच्या भांडणाची गोष्ट मार्च ते जून. बारवी धरणाकडून रानभाजी घेऊन येणाऱ्या म्हातारीची एकट्या नोव्हेंबरात बसली. कधी पान सापडेनासं झालं की तुम्ही हाक मारायचात, "जावईबुवा, ऑगस्ट कुठं ठेवलात?" आणि मी खाटेखाली ऑगस्ट शोधायचो.

रविवारी दुपारी मी घरून, बदलापूरच्या हेंद्रेपाड्याहून, तुमच्याकडे कॅम्प पाचला यायचो. तुम्ही बोटाने वाचायचात, मी फुलस्केपवर उतरवून घ्यायचो. कारण दिवाळी अंकांच्या निवेदनात ठरलेलं असायचं, साहित्य कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असावं. हे मी तुम्हाला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही पान हातात घेऊन उलटंसुलटं केलंत आणि म्हणालात, "माझं दोन्ही बाजूंनी उमटतं, त्याला मी काय करू?"

उतरवून झालं की मी ते परत वाचून दाखवायचं, असा नियम होता. तो तुम्ही का केला होतात ते मला लवकरच समजलं. माझा हात मधूनमधून सैल सुटायचा. एकदा मी वाचता वाचता 'पश्चिमेला लालबुंद सूर्य मावळत होता' असं म्हणालो. तुम्ही बोट उचललंत.

"हा सूर्य कुणाचा?"

मी म्हणालो, तुमचाच, संध्याकाळ होती ना.

"संध्याकाळ माझी. सूर्य तुमचा. माझ्या गोष्टीत संध्याकाळ देवीकाकींचे पापड गॅलरीतून आत गेल्यावर होते. काढा तो."

मी सूर्य काढला. मनात म्हणालो, बाईंना वाङ्मयीन सौंदर्य कळत नाही. आठवड्याने ते वाक्य सूर्याशिवाय पुन्हा वाचलं आणि माझ्या स्वतःच्या गोष्टींतले किती सूर्य काढता येतील ते मोजायला बसलो. फारच निघाले. मग मोजणं सोडून दिलं.

पण सुवाच्य अक्षराने काही साधलं नाही. एका संपादकांनी बाड परत पाठवताना लिहिलं की कथा चांगल्या आहेत, परंतु लेखिका अंध असल्याचा प्रत्यय त्यांतून येत नाही. दुसऱ्यांनी मला समोर बसवून, आवाज खाली आणून विचारलं, तुम्हीच लिहिता ना हे? अक्षर तुमचं आहे. मी नाही म्हणालो. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाले, मग तुमच्याच नावाने छापू, विनोदी नाहीत तरी चालेल. हे तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की देवीकाकी काय झालं म्हणून धावत आल्या. मला मात्र 'विनोदी नाहीत तरी' हे चांगलंच लागलं होतं.

आणि बदलापूरच्या वाचनालयातला तो कार्यक्रम. कथावाचनाला बोलावलं होतं. तुम्ही सकाळपासून गोष्ट पाठ करायची असल्यासारखी घोकत होतात. ओळख करून द्यायला जे गृहस्थ उठले ते तुमच्या जिद्दीवर बोलले, नियतीवर बोलले, अंतःचक्षूंवर बोलले, मध्येच स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनवरही बोलले. मग तुम्हाला विनंती केली की वेळेअभावी अर्धीच कथा वाचावी. तुम्ही अर्धी वाचलीत, बरोबर मध्यावर थांबलात आणि म्हणालात, "उरलेली उद्या फोनवर ऐकवते. आपापले नंबर या जावईबुवांकडे देऊन जा." लोक हसले. पण दोघांनी खरंच नंबर दिला आणि तुम्ही खरंच फोन केलात, कारखान्याच्या बोर्डावरून, जेवणाच्या सुट्टीत. त्या दोघांइतके चांगले वाचक मला अजून मिळालेले नाहीत, अक्का. माझी गोष्ट कुणी मध्येच थांबवली तर लोक उठून घरी जातील.

मग आपले प्रकाशक भेटले. त्यांना कथा मनापासून आवडल्या होत्या, हे मी आजही म्हणेन. तुमच्या खोलीत आले ते मोसंब्यांची पिशवी घेऊन, दवाखान्यात भेटायला आल्यासारखे. तुमच्यासमोर बसून ते माझ्याशी बोलू लागले, आणि तेही मोठ्याने.

"यांना सांगा, कथा फार चांगल्या आहेत."

"यांना कळलं," तुम्ही म्हणालात.

ते ओशाळले, पण सवय सुटेना. चहा आला तर पुन्हा मलाच विचारलं, यांना साखर चालते का. तुम्ही म्हणालात, यांना चालते, जावईबुवांना डॉक्टरांनी बंद केलीय, त्यांना तुम्ही विचारा. तेव्हापासून ते तुमच्याशी बोलू लागले.

त्यांनी पिशवीतून मुखपृष्ठाचं चित्र काढलं. ते मी तुम्हाला वर्णन करून सांगायचं होतं. काळी पार्श्वभूमी, मध्ये एक पांढरी काठी, तिच्या मागून सूर्य उगवतोय. सूर्य हा शब्द उच्चारताना मी घाबरलोच होतो. नाव वर पिवळ्या अक्षरांत, 'काळोखातल्या पणत्या'.

तुम्ही शांतपणे विचारलंत, "पुस्तकात काठी कुठल्या पानावर आहे?"

प्रकाशक म्हणाले, कथांत नाही, पण तुमच्या हातात आहे ना.

"माझ्या हातात लाटणंही असतं. माझ्या गोष्टींत आंधळं कुणीच नाही हो. सगळे चांगले डोळस आहेत, भांडतात, लबाडी करतात, नळावर नंबर लावतात. त्यांच्या पुस्तकावर माझी काठी कशाला?"

त्यांनी सरळ मनाने सांगितलं की त्याशिवाय पुस्तक विकणार नाही. कथासंग्रह कुणी घेत नाही. लेखिका अंध आहे हे कळलं तर लोक आस्थेने घेतील. मग तुम्ही तुमची दुसरी अट काढलीत, जी मलाही तोवर माहीत नव्हती. पुस्तकाबरोबर कॅसेट निघाली पाहिजे. तुमच्या जुन्या अंधशाळेच्या वसतिगृहातल्या बायका, पोरी, त्यांना नवीन गोष्ट म्हणून काही मिळत नाही. कुणी वाचून दाखवलं तर दाखवलं.

"पण बाई, अंध लोक पुस्तकं विकत घेत नाहीत," प्रकाशक म्हणाले.

"विकायला ठेवलीत कधी?"

बिस्कीट चहात बुडवून त्यांनी ते विरघळू दिलं. मग म्हणाले, "नाही ठेवली." त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही, म्हणून मला ते अजून आवडतात. पण कॅसेटचा खर्च त्यांना झेपण्यातला नव्हता आणि काठी त्यांना सोडवत नव्हती. मोसंबी ठेवून ते गेले.

त्याच सुमाराला तुम्ही नळावरच्या गोष्टीचे कागद वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे पाठवले होतेत. मार्च ते जून. ते परत आले तेव्हा तुम्ही माझं बोट धरून कागदावरून फिरवलंत. मला काही लागलं नाही, गुळगुळीत. मी म्हणालो, हे कोरेच आहेत की. तुम्ही म्हणालात, "कोरे नाहीत. इतक्या जणींनी वाचले की ठिपके बसून गेले." आणि मग, इतक्या आनंदात मी तुम्हाला क्वचित ऐकलंय, म्हणालात, "जावईबुवा, माझी पहिली आवृत्ती संपली." तुम्ही ती गोष्ट नव्या कॅलेंडरवर पुन्हा टोचायला घेतलीत. मी कौतुक केलं, पण मनातून मला ती गंमतच वाटली. पुस्तक म्हणजे पाठीला कणा असलेलं, कपाटात उभं राहणारं, असंच माझ्या डोक्यात होतं.

आपलं शेवटचं भांडण त्यावरच झालं. तुमची तब्येत बरी नव्हती हे आवाजावरून मलासुद्धा कळत होतं. तुमचा आवाज बसलेला, पानं उलटताना दम लागत होता. मी म्हणालो, अक्का, एकच करा. एक गोष्ट एका अंध मुलीवर लिहा. एकच. ती पुढे ठेवू, बाकीच्या मागून येतील. प्रकाशक काठीही मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात घेतील, मी बोलतो त्यांच्याशी.

तुम्ही कागदांच्या कडा जुळवत बसलात. मग म्हणालात, "शालन सांगते तुम्हाला टक्कल पडलंय."

मी म्हणालो, पडलंय.

"तुमच्या किती गोष्टी टकलावर आहेत?"

खरं सांगायचं तर दोन आहेत. ते मी सांगितलं. तुम्हाला हसू आवरेना आणि हसताना खोकला आला. पाणी पिऊन म्हणालात, "बघा. तुम्हाला हौस आहे म्हणून लिहिल्यात. पण टकलावर लिहा, नाहीतर छापत नाही, असं तुम्हाला कुणी म्हणालं का?"

मला तेव्हा हसायला हवं होतं. मी चिडलो. म्हणालो, तुमच्या अटी बरोबर असतील, पण त्या धरून बसलात तर पुस्तक निघायचं नाही. मला ते तुम्ही असताना काढायचंय. तुमच्या हातात द्यायचंय.

"हातात घेऊन काय करू?" तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. "मला ते कोरंच लागणार. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी पिशवी उचलली, चप्पल घातली, 'पुढच्या रविवारी बोलू' असं काहीतरी पुटपुटलो. पुढच्या रविवारी आम्ही तुम्हाला पोचवून आलो होतो.

त्या आठवड्यात मी काही उत्तर तयार केलं होतं असं लिहिलं तर लेखाला बरं दिसेल, पण नव्हतं. तुम्ही ऐकत नाही याचा राग होता, आणि तुमचं बरोबर असावं असा संशय होता, दोन्ही घेऊन फिरत होतो. अजून घेऊन फिरतोय. तुमचं बरोबर होतं तर मग पुस्तक न निघताच तुम्ही गेलात हे मी कुणाच्या खात्यावर टाकू? आणि माझं बरोबर होतं तर तुम्ही मनाविरुद्ध ती एक गोष्ट लिहिली असतीत, काठीवाल्या पुस्तकाला हात लावला असतात, आणि मी टाळ्या वाजवल्या असत्या. त्या टाळ्या तुम्हाला कशा ऐकू आल्या असत्या, याचा विचार केला की पेन खाली ठेवतो.

आभार मानायचे राहिले आहेत, तेही इथेच उरकतो. शालनबद्दल तर आहेतच. पण रविवार दुपारच्या त्या खोलीबद्दलही आहेत. तुम्ही वाचताना खालच्या शिलाई मशीनचा आवाज, पापडांचा वास, आणि मध्येच थांबून तुमचं ते विचारणं, "झालं लिहून?" माझं व्हायचं नाही. तुम्ही थांबायचात. माझ्यासाठी आयुष्यात इतकं कुणी थांबलेलं नाही, माझा स्वतःचा हातसुद्धा नाही.

तर अक्का, आता असं आहे. प्रकाशक हो म्हणायची वाट बघताहेत. कथा जशाच्या तशा. काठी आणि सूर्य पुढे. पणत्याही आहेत. नावाखाली 'दिवंगत अंध लेखिका' अशी ओळ. कॅसेटचं पुढे बघू म्हणाले. आणि सुरुवातीला हा लेख. तुम्ही आता नाही म्हणू शकत नाही, हे त्यांना सोयीचं आहे असं मी म्हणणार नाही, पण माझ्यासारख्या दमलेल्या माणसाला ते सोयीचं आहे. एक सही केली की बाड कपाटातून जातं आणि पुस्तक होऊन येतं. मी जवळजवळ ठरवलंच होतं.

पाठवण्याआधी मी हे सगळं शालनला वाचून दाखवलं. ती जेवणाच्या टेबलाशी तांदूळ निवडत बसली होती. बहिणीबद्दल आहे म्हणून रडेल अशी माझी तयारी होती, पाणी भरून ठेवलं होतं. ती रडली नाही. फोटोच्या ठिकाणी थोडी हसली. शेवटापर्यंत आल्यावर तिने ताट बाजूला सारलं.

"त्यांना नाही म्हणून कळवा," ती म्हणाली. "काठी नको, सूर्य नको. आणि कॅसेटीशिवाय नको. ती म्हणाली होती ना?"

मी म्हणालो, अगं, मग दुसरा कुणी तयार व्हायला आणखी किती वर्षं जातील कोण जाणे. इतके दिवस घाई घाई करून शेवटी हेच?

"घाई ती होती तोवर होती," शालन म्हणाली. "आता अक्काला कुठं म्हातारं व्हायचंय? थांबू की."